पाट, पाठ आणि पेडल

विमान हातांनी उडवतात, असा बहुतेकांचा समज असतो. सिनेमात पायलटचे हातच दिसतात, पाय कधी चौकटीत येत नाहीत. घरी संगणकावर विमान उडवायचा फ्लाइट सिम्युलेटर (सिम) मांडणारा माणूसही आधी जॉयस्टिक घेतो, मग इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा थ्रॉटल, आणि पैसे उरले तर रडरची पेडलं. तोवर जॉयस्टिकचा दांडा पिळून काम भागवायचं, नाहीतर सॉफ्टवेअरमधला ऑटो-रडर ते परस्पर उरकतो. तसं वर्षानुवर्षं चालतंही. पेडलं घरात आली की मात्र खुर्ची, फरशी, गुडघे आणि घरातली बाकीची माणसं या सगळ्यांचाच प्रश्न उभा राहतो.

पेडलांचा खोका उघडल्यावर हाती येतं ते तीनेक किलोचं एक धूड, एक यूएसबी वायर आणि चित्रांचं एक पान. त्या पानावर एक माणूस पेडलांवर पाय ठेवून सुखात बसलेला असतो. तो कशावर बसलाय, खुर्ची किती उंच आहे, खाली गालिचा आहे की गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल, यातलं काही पान सांगत नाही. खरी गोम तिथेच असते, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी पायांचं काम काय ते थोडक्यात सांगतो. शेपटीवरच्या उभ्या पंखाला मागे जोडलेलं हलतं पातं म्हणजे रडर. उजवं पेडल दाबलं की विमानाचं नाक उजवीकडे जातं. पण विमान वळतं ते रडरमुळे नाही, पंख कलल्यामुळे. उजवीकडे कलायचं तर डाव्या पंखाचं एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेचं हलतं पातं, खाली जातं, तो पंख वर उचलला जातो, आणि उचलण्याची किंमत म्हणून हवा त्याला जास्त मागे ओढते. परिणामी उजवीकडे वळायचं म्हटलं की नाक क्षणभर डावीकडेच जातं. हा उलटा हिसका पायाने मोडून काढायचा असतो. पंख जितके लांब तितका तो मोठा. पुणेकरांनी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरची बिनइंजिनाची ग्लायडरं आभाळात पाहिली असतील. लांबलचक पंखांच्या अशा विमानाच्या काचेवर बाहेरून लोकरीचा एक तुकडा चिकटवलेला असतो. लोकर सरळ मागे उडत असेल तर पाय बरोबर आहेत. एका बाजूला गेली, तर विमान हवेतून तिरकं घसरतंय. इतकं स्वस्त आणि इतकं खरं बोलणारं दुसरं उपकरण विमानात नाही. सेसनासारख्या छोट्या विमानात हेच काम वाकड्या काचनळीतली काळी गोळी करते. गोळी ज्या बाजूला गेली असेल त्या बाजूचा पाय दाबायचा.

धावपट्टीवर तर पायांवाचून चालतच नाही. सेसना १७२ चा थ्रॉटल पूर्ण उघडला की नाक डावीकडे ओढ घेतं, कारण पंखा बैठकीवरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. तिथे उजवा पाय लागतो. जुन्या टायगर मॉथ विमानाचं इंजिन उलटं फिरतं, त्यामुळे तिथे डावा. सिममध्ये एका विमानातून दुसऱ्यात बसलं की ही अदलाबदल डोक्याला पटते, पण पायांना पटायला वेळ लागतो.

आणखी एक गंमत म्हणजे सायकलच्या हँडलची उजवी मूठ पुढे ढकलली तर चाक डावीकडे वळतं, पण विमानात उजवा पाय पुढे ढकलला की नाक उजवीकडे जातं. सायकलवर वाढलेल्या माणसाला हे सुरुवातीला उफराटं वाटतं. हाताला दांडा आणि पायाला रडर ही वाटणी फ्रेंच विमानकार लुई ब्लेरिओच्या १९०८ च्या विमानात दिसते. राइट बंधूंनी त्याआधी रडर पंखांच्या पिळाला जोडून कमरेने हलवायची सोय केली होती. पालथं झोपायचं आणि कंबर डावी-उजवीकडे सरकवायची. ब्लेरिओच्या विमानात माणूस बसून उडे आणि पायांना काम मिळे. २५ जुलै १९०९ ला त्याने इंग्लिश खाडी ओलांडली, तेव्हा त्याचा पाय भाजलेला होता आणि तो कुबड्या घेऊन चालत होता. पायाने रडर हाकायची पद्धत रुळवणाऱ्या माणसावर भाजलेल्या पायाने उडायची वेळ यावी! आमच्या पोटऱ्यांच्या कुरकुरीला यापुढे फारशी किंमत नाही, हे मान्य. तरी कुरकुर होतेच.

तर आता घरी येऊ.

पहिला अडथळा चाकाच्या खुर्चीचा. दिवसभर लॅपटॉपवर काम करायला घेतलेली पाच चाकांची खुर्ची असते, तीच संध्याकाळी कॉकपिट होते. टेकऑफला उजवं पेडल दाबलं की पेडल जागचं हलायच्या ऐवजी खुर्ची मागे सरकते. टाइल गुळगुळीत असेल तर दोन्ही गोष्टी होतात, पेडलं पुढे भिंतीकडे आणि आपण मागे सोफ्याकडे. मधे वाढत जाणाऱ्या त्या अंतरात पाय ताणून विमान सरळ ठेवायची धडपड बघणाऱ्याला फार करमणुकीची वाटते.

खऱ्या विमानात हीच गोष्ट जिवावर बेतलेली आहे. सेसनाच्या पुढच्या सीटा रुळांवर पुढे-मागे सरकतात आणि एक खिट्टी रुळाच्या भोकात बसून त्यांना अडकवते. भोकं झिजली किंवा खिट्टी नीट बसली नाही, तर नाक वर उचलताना सीट मागे घसरते आणि घाबरलेला पायलट हातातल्या योकलाच, म्हणजे विमान हाकायच्या दांड्यालाच, धरून मागे जातो. नाक आणखी वर जातं. अशा अपघातांनंतर १९८७ मध्ये अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने या रुळांची आणि खिट्ट्यांची तपासणी सक्तीची केली. आजही सेसनात बसलेला पायलट इंजिन सुरू करण्याआधी सीटवर बसल्या बसल्या पुढे-मागे गचके देऊन बघतो. घरी आपण घसरलो तर फार तर सोफ्यावर आदळू. पण पायाला एकदा कळलं की पाठीमागचा आधार पक्का नाही, की तो मोकळेपणाने दाबत नाही. आधी अंग आवळतो आणि मग एकदम लाथ मारतो. सिमवर लोकांची विमानं धावपट्टीवर नागमोडी धावतात त्याचं एक मोठं कारण मला हे वाटतं. पेडल महागाचं की स्वस्तातलं, हा प्रश्न त्याच्या बराच नंतरचा.

यावर लोक नाना उपाय करतात. खुर्चीच्या चाकांखाली वाट्या ठेवतात, पेडलं भिंतीला टेकवून मधे लाकडी ठोकळा घालतात, खुर्चीचा दांडा आणि पेडलं पट्ट्याने बांधतात, खाली वेल्क्रो लावतात. वेल्क्रो गालिच्यावर उत्तम चालतं, पण आपल्याकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा कोणाच्या घरी असतो? रबराची जाळीदार मॅट टाइलवर बरी धरते, पण फरशी पुसून झाल्यावर खाली दमटपणा राहिला की तीच घसरगुंडी होते. भिंतीचा उपाय पक्का असतो, पण मग टेबल भिंतीपासून किती लांब हवं ते पेडलं ठरवतात, आणि आमच्या दोन खोल्यांच्या घरात टेबलाची जागा ठरवण्याचा अधिकार पेडलांना द्यायला कोणी तयार नव्हतं.

खरं उत्तर सुताराने दिलं. त्याला बोलावलं होतं स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीसाठी. जाता जाता त्याला पेडलं दाखवली आणि खाली स्क्रूने बसवायला एक फळी मागितली. त्याने उकिडवं बसून हाताने पेडल दाबून पाहिलं, मग खुर्चीकडे पाहिलं. "साहेब, नुसत्या पेडलाला फळी लावून काय होणार? फळी घेऊन जाईल की ते पुढं. खुर्चीचे पाय पण त्याच फळीवर घ्या. मग कुठं जातीय ती?"

यात सगळं आलं. पाय पेडलाला जितका जोर पुढे देतो, तितकाच पाठ खुर्चीला मागे देते. दोन्ही एकाच फळीवर असतील तर ते जोर फळीच्या आतल्या आत मिटतात, फरशीला त्याचा पत्ताही लागत नाही. भिंत, वेल्क्रो, पट्टे, कशाचीच गरज उरत नाही. १८ एमएमच्या प्लायची दीड फूट रुंद, चारेक फूट लांब फळी. पुढच्या टोकाला पेडलं बोल्टने बसवलेली. मागच्या टोकाला खुर्चीचे पुढचे दोन पाय, त्यांच्या मागे अडसर म्हणून सागाच्या दोन पट्ट्या. खुर्ची अर्थात चाकांची नाही, जेवणाच्या टेबलाची. चार पायांची, घट्ट, हात नसलेली. पुढचे पाय फळीच्या जाडीएवढे वर गेल्याने खुर्ची किंचित मागे कलली. ती खोड काढायचा विचार होता, पण बसून पाहिल्यावर तशीच ठेवली. विमानातल्या सीटाही अशाच जराशा मागे कललेल्या असतात आणि मांड्यांना त्यामुळे पुढून आधार मिळतो.

उंचीचा घोळ मात्र सुताराच्या आवाक्यातला नव्हता. तो सोडवला मित्राच्या मुलीने. ती गोंदियाजवळ बिरसीच्या वैमानिक-शाळेत शिकून कमर्शियल पायलट झाली आहे आणि सध्या विमान कंपन्यांच्या भरतीची वाट बघत पुण्यात आहे. घरी आली, बसली, आणि तिने पेडलांना पायच लावला नाही. आधी स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काका, मॉनिटर खाली आहे तुमचा."

मी म्हटलं, "अगं, पायांचं बोलतोय मी."

"पायांचंच सांगतेय."

तिचं म्हणणं असं, की कॉकपिटमध्ये बसायची सुरुवात डोळ्यांपासून होते. एअरबसमध्ये समोरच्या दोन काचांच्या मधल्या खांबावर तीन छोटे गोळे असतात, लाल-पांढरे. सीट वर-खाली, पुढे-मागे करत राहायचं. एक गोळा दुसऱ्याच्या बरोबर आड गेला की डोळे हवे तिथे आले. सीट तिथेच अडकवायची, आणि त्यानंतर पेडलं पायांपर्यंत आणायची. तिच्या शाळेतल्या डायमंड डीए४० मध्ये तर सीट हलतच नाही, पेडलंच पुढे-मागे सरकतात. सेसनात उलटं, पेडलं जागेवर आणि सीट रुळांवर. दोन्ही घराण्यांचे लोक आपलंच बरोबर म्हणून भांडू शकतात. पण घरी आपल्याकडे ना रूळ असतात ना पेडलांची सरक, म्हणून तो हिशेब आपणच एकदा बसून करायचा. आधी स्क्रीनची उंची, मग खुर्ची, मग हातातला दांडा, आणि शेवटी पेडलं. बहुतेक जण पेडलं टेबलाखाली जिथे मावतील तिथे सारतात आणि मग उरलेलं शरीर त्यांच्याभोवती दुमडून घेतात. मीही काही वेगळा नव्हतो.

मग तिने मोजमापाची रीत दाखवली. पाठ पूर्ण टेकवायची. डावं पेडल शेवटपर्यंत दाबायचं, आणि तसंच धरून त्याच पायाच्या चवड्याने ब्रेकही पूर्ण दाबायचा. तेव्हाही गुडघा थोडा वाकलेलाच राहिला पाहिजे. पाय सरळ काठीसारखा झाला तर पेडलं लांब आहेत. उजव्या पायाने तेच. दुसऱ्या बाजूचा गुडघा या वेळी वर येतो. तो कीबोर्डच्या सरकत्या फळीला लागता कामा नये. आमचा लागत होता. फळी काढली, कीबोर्ड टेबलावर आला.

आता जेवणाच्या खुर्चीची बैठक असते साधारण दीड फूट उंच. त्यावर बसून पाय जमिनीला टेकले की पोटऱ्या जवळजवळ उभ्या राहतात. अशा पायाने पुढे ढकलायला गेलं की जोर पुढे कमी आणि खाली जास्त जातो, पाऊल पेडलावरून वर सरकू लागतं. छोट्या विमानात माणूस बराच खाली बसतो, पाय पुढे पसरतात. म्हणजे एक तर खुर्ची खाली न्यायची किंवा पेडलं वर आणायची. आणि नुसती पेडलं वर आणून चालत नाही, टाचाही तेवढ्याच वर टेकल्या पाहिजेत. चार बोटं उंचीचं, पक्कं, रुंद असं काहीतरी पेडलांखाली आणि टाचांखाली हवं.

असं काहीतरी घरात होतंच, आजीच्या वेळचा शिसवी पाट. मापाला अगदी चोख. मी तो माळ्यावरून काढून पुसत होतो तोवर आई दारात येऊन उभी.

"हा कशाला काढलास?"

सांगितलं.

"अरे, गणपती बसतो त्यावर. भाऊबीजेला तुला त्याच पाटावर बसवून ओवाळलंय. आणि आता तू त्याच्यावर टाचा ठेवणार? त्याला भोकं पाडणार?"

विमानविद्येत या प्रश्नाला उत्तर नाही. पाट माळ्यावर परत गेला आणि सुताराला फोन झाला. त्याने त्याच प्लायचा एक बसका खोका करून फळीवर बसवला, वर दोन पाचरी ठोकून पेडलं किंचित कलती केली. त्या कलण्याने पोटरी आणि पाऊल यांच्यातला कोन मोकळा झाला. चवडे वर ताणून धरावे लागत नाहीत, हे ज्याने तासभर ताणून धरलेत त्यालाच कळेल.

नडगीच्या दुखण्याबद्दल इथे जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेकांना पेडलं घेतल्यावर पहिलं दुखणं तिथलं येतं आणि ते दोष वयाला देतात. पेडलाचा वरचा भाग दाबला की ब्रेक लागतो, डावा डाव्या चाकाला, उजवा उजव्या चाकाला. टेकऑफला नकळत ब्रेक लागू नये म्हणून माणूस चवडे मागे ओढून धरतो. त्यासाठी नडगीच्या पुढचा स्नायू सतत आवळलेला राहतो, आणि विमान पुण्याहून निघून दौंडपर्यंत पोचेस्तोवर तो ठणकायला लागतो. उपाय तीन. टाच जमिनीवर पूर्ण टेकवायची आणि पेडलाच्या खालच्या कडेवर फक्त चवड्याचा गोळा ठेवायचा; ब्रेक हवा तेव्हाच पाऊल वर सरकवायचं. खऱ्या सेसनात शिकवतात तेही हेच, टाचा खाली. ज्या पेडलांत आख्खं पाऊल वर ठेवून ते रुळावर सरकतं, त्यांत टाच पेडलाबरोबर जाते, तिथे हा उपाय अर्धाच लागू पडतो. दुसरा उपाय कलण्याचा, तो वर आला. तिसरा सॉफ्टवेअरमधला. ब्रेकच्या अक्षाला सुरुवातीचा दहा-पंधरा टक्के डेड झोन, म्हणजे पेडल हललं तरी काहीच होत नाही असा टप्पा, दिला की पावलाच्या नुसत्या वजनाने ब्रेक लागत नाही. डीए४० चं पुढचं चाक मोकळं फिरणारं असल्याने जमिनीवर हळू चालताना त्याला ब्रेकनेच वळवावं लागतं, म्हणून ब्रेक काढून टाकणे हा उपाय नव्हे. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाला मात्र पायाचे ब्रेक नव्हतेच. ब्रेकची तरफ हातातल्या दांड्यावर होती. दोन्ही पाय गमावलेला ब्रिटिश वैमानिक डग्लस बेडर कृत्रिम पायांनी ते विमान लढला. त्याला घोट्याने दाबायचे ब्रेक असते तर काय झालं असतं, असा विचार मनात येतो.

पायताणाचा प्रश्न आपल्याकडे युरोप-अमेरिकेपेक्षा वेगळा आहे. तिथे बरेच लोक बूट घालून घरात वावरतात, पेडलंही त्या हिशेबाने बनल्यासारखी वाटतात. अनवाणी पायाला त्यांच्या प्लॅस्टिकच्या कडा तळव्यात बरोबर कमानीखाली रुततात. मोजे घातले की पाय घसरतो. मे महिन्यात घाम, जानेवारीत गार फरशी. पातळ तळव्याचे कापडी बूट सगळ्यात चांगले. पेडल किती दबलंय ते तळव्याला कळतं. जाड तळव्याच्या स्पोर्ट्स शूजमध्ये ते कळत नाही. पण घरात बूट, तेही देवघराच्या भिंतीला लागून असलेल्या कोपऱ्यात, हा ठराव आमच्याकडे मंजूर होणं शक्य नव्हतं. तडजोड म्हणून पेडलांवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून चिकटवले आणि टाचांखाली योगा मॅटचा तुकडा घातला. अनवाणी पाय त्यावर इतके बरे बसतात की आता बुटांची आठवणही येत नाही.

हे सगळं झाल्यावरच सेटिंगच्या पानाकडे जावं. क्रम उलटा केला, की हलणाऱ्या खुर्चीसाठी जुळवलेली संवेदनशीलता पक्क्या खुर्चीला भलतीच लागते. ऑटो-रडर बंद. मधला डेड झोन दोन-तीन टक्के, त्याहून जास्त नको, नाहीतर पहिला अर्धा इंच पाय हवेतच दाबतो. वक्र थोडा मवाळ, म्हणजे मध्याजवळ पेडल हललं तरी रडर कमी हलेल. पेडलांवर स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करायची चकती असेल तर ती आधी सैलच ठेवावी. ताण जास्त असला की मधल्या जागेतून पेडल सुटताना एक गचका बसतो, आणि नेमका तिथेच तर आपल्याला हलका पाय हवा असतो.

स्प्रिंगची एक मर्यादा मात्र पैशाने सहज सुटत नाही. खऱ्या छोट्या विमानात वेग वाढला की हवा रडरला जास्त दाबते आणि पेडल जड होतं. पायाला वेग कळतो. घरचं पेडल धावपट्टीवर आणि दहा हजार फुटांवर सारखंच वागतं. मोठ्या विमानांत हा ताण यंत्राने कृत्रिमरीत्या दिलेला असतो, आणि तो कसा दिला आहे याला किती महत्त्व असतं ते १२ नोव्हेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये दिसलं. केनेडी विमानतळावरून उडालेलं एअरबस ए३००-६०० पुढच्या जम्बोने मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यात हललं. सह-वैमानिकाने रडर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पुन्हा पुन्हा दाबलं आणि शेपटीचा उभा पंखच तुटून गेला. जमिनीवरच्या पाच जणांसह २६५ माणसं गेली. अमेरिकेच्या तपास मंडळाने गरज नसताना दिलेल्या टोकाच्या रडरवर बोट ठेवलं, आणि त्याबरोबर त्या विमानाच्या रडर यंत्रणेच्या रचनेवर आणि कंपनीतल्या प्रशिक्षणावरही. वेग वाढला की त्या विमानात पेडल थोडक्या अंतरातच शेवटाला जाई. मित्राची मुलगी मला सारखं सांगते, "काका, पाय नाचवू नका. दाबा आणि धरा," त्यामागे हे आहे.

दाबून धरण्यातली मजा कळायला क्रॉसविंड, म्हणजे धावपट्टीला आडवा वारा, लागतो. सिममध्ये मी मुंबईचा जुहू विमानतळ निवडतो. आपल्या कंपनीच्या पहिल्या हवाई डाक सेवेचं विमान घेऊन जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे तिथेच उतरले होते. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा टाटांची विमानं पुण्यात येरवड्याला येत. म्हणजे पुणे ते जुहू हा माझा नेहमीचा रस्ता काही अगदीच मनचा नाही. धावपट्टी २६, समोर समुद्र, वारा डावीकडून बारा नॉट. सेसना १७२ च्या पुस्तकात आडव्या वाऱ्याची दाखवून दिलेली मर्यादा पंधराची आहे, म्हणजे हे सोपं नाही आणि वेडेपणाही नाही. नाक वाऱ्याकडे, डावीकडे वळवून विमान धावपट्टीकडे तिरकं येत राहतं, खेकड्यासारखं म्हणा. धावपट्टी डाव्या काचेत न दिसता उजवीकडे दिसते. शेवटच्या काही फुटांवर उजवा पाय हळूहळू आत जातो, नाक रेषेत येतं, आणि त्याच क्षणी वारा ढकलू लागतो म्हणून हाताने डावा पंख जरा खाली. आधी डावं चाक टेकतं, मग उजवं, मग पुढचं. या तीन-चार सेकंदांत पाय एक-दोन इंचांच्या आतच हलतो. पाठ टेकलेली, टाच पक्की आणि गुडघा सैल असेल तरच तो त्या इंचातला अर्धा इंच वेगळा काढू शकतो. चाकाच्या खुर्चीवर हे मला कधी जमलं नाही, आणि मी दोष वाऱ्याला देत होतो.

लांबच्या उड्डाणाला आणखी एक सोय लागते, पाय काढून ठेवायची. पुणे ते नागपूर सेसनाने तीनेक तासांचा प्रवास. मधल्या काळात पायांना फारसं काम नसतं. पेडलं आणि खुर्ची यांच्या मधे पावलं सपाट टेकतील एवढी जागा फळीवर मोकळी सोडली आहे. तिथे चुकूनही वायर येऊ देऊ नये.

वायरवरून आठवलं. कामाच्या मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "दादा, हे आता इथंच राहणार का?" इथंच राहिलं तर खाली फरशी पुसता येत नाही, धूळ साठते, धूळ पेडलांच्या रुळात जाते आणि पेडल खरखर करायला लागतं. म्हणून फळीच्या कडेला दोरीची एक मूठ बसवून घेतली आहे. खुर्ची उचलायची, फळी दोरीने ओढून दिवाणाखाली सारायची. पेडलं फळीवर कायम बसलेली असल्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजमाप नको. मित्राच्या मुलीसाठी बोल्टची वेगळी भोकं आहेत, तिचे पाय माझ्यापेक्षा आखूड आहेत. सुताराने विचारलं होतं, आणखी दोन ओळी पाडून ठेवू का, पाहुण्यांना. नको म्हटलं, पाहुणे सोफ्यावर बसतील.

सध्या अडलंय ते हेलिकॉप्टरपाशी. जुहूला इतके दिवस उतरून तिथली हेलिकॉप्टरं उडवली नाहीत तर काय उपयोग? हेलिकॉप्टरची पेडलं शेपटीवरच्या छोट्या पंख्याला जोडलेली असतात आणि एका जागी तरंगताना पाय सारखे कामात असतात. पवनहंस या सरकारी हेलिकॉप्टर कंपनीकडे असलेल्या फ्रेंच डॉफिनचा वरचा पंखा अमेरिकी हेलिकॉप्टरांच्या उलट फिरतो, त्यामुळे ताकद वाढवली की तिथे उजवा पाय लागतो. आणि तो पाय मिनिटभर तिथेच धरायचा, तर मधे ओढणारी स्प्रिंग पोटरीचा जीव घेते. तिची गरजच नसते तिथे. लोक ती काढून टाकतात, पण मग सेसनात बसलं की पेडल मधे परत येत नाही. म्हणून मऊ स्प्रिंग शोधायला पुण्याच्या बोहरी आळीत गेलो होतो. दुकानदाराने जुनी स्प्रिंग हातात घेऊन ताणून पाहिली आणि विचारलं, कशाची आहे. विमानाची म्हटलं. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा स्प्रिंगकडे पाहिलं आणि आतून तीन डबे आणून पुढे ठेवले. त्यातली एक, बहुधा कुठल्याशा स्कूटरच्या स्टँडची, लांबीला बसली पण ताणाला जुन्या स्प्रिंगहून कडक निघाली. पुढच्या आठवड्यात बारीक तारेच्या येणार आहेत म्हणाला.